माचू पिचू झालं, मेणवली राहिली

जुलै-ऑगस्टात पाचगणीत ढग थेट वर्गात येऊन बसतो. टेबललँड दिसत नाही, कृष्णेचं खोरं दिसत नाही, मागच्या बाकावरचा मुलगा जागा आहे की झोपलाय तेही दिसत नाही. अशा दिवसांत मुलांना पेरू देशात नेणं सोयीचं. पडदा खाली, प्रोजेक्टर चालू, माचू पिचूच्या पायऱ्या समोर हजर. या प्रकाराचं नाव भारदस्त आहे: व्हर्च्युअल फील्ड ट्रिप. पालकांचं संमतिपत्र नको, पाण्याच्या बाटल्या मोजायला नकोत, पसरणीच्या घाटात कुणाला उलटी व्हायची नाही. तासाला सुरू झालेली सहल तासाच्या घंटेला संपते आणि मुलं हात धुवून जेवायला मोकळी. सहलीतला सगळा त्रास वजा केल्यावर जे उरतं, त्याला हल्ली शिक्षण म्हणतात.

शाळांच्या गुळगुळीत माहितीपुस्तिका पाहा. घोडेस्वारी, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स आणि त्याखाली ‘जागतिक संस्कृतींशी थेट नातं’. नातं थेट आहे, फक्त मध्ये वाय-फाय आहे. जपान चाळीस मिनिटांत उरकतो. चहाचा समारंभ, किमोनो, बुलेट ट्रेन आणि शेवटी मुलांचे तीन प्रश्न, जे बाईंनी आदल्या दिवशीच वहीत लिहून दिलेले असतात. पलीकडचा मार्गदर्शक प्रत्येक प्रश्नाला ‘फार छान प्रश्न’ म्हणतो. त्यालाही तासाचे पैसे मिळतात. मग स्क्रीनशॉट काढायचा, तो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, आणि दुबईतल्या बाबांनी त्याला अंगठा द्यायचा. नातं झालं.

माझं पडद्याशी भांडण नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर ‘आमच्या वेळी’ छापाचा म्हातारा म्हणून मला कोपऱ्यात बसवाल. ज्या मुलाला पॅरिसचं तिकीट या जन्मी परवडणार नाही, त्यानं लूव्हर पडद्यावर पाहिलं तर बिघडलं काय? काहीच नाही. जत्रेतल्या बायोस्कोपवाल्यानं आमच्या आज्यांना कुतुबमिनार असाच दाखवला. डबड्याला डोळा लावायचा, आत चित्र फिरायचं, बाहेर गाणं चालू. पण त्या बायोस्कोपवाल्याचा एक सच्चेपणा होता. ‘यामुळे तुमचे दिल्लीशी थेट नाते जुळेल’ असं तो कधी म्हणाला नाही.

आणि जगाकडे अशा रीतीनं बघणं पाचगणीला गुगलनं शिकवलं असं कुणी समजू नये. इथला पर्यटनाचा धंदा पिढ्यान् पिढ्या याच तत्त्वावर उभा आहे. टॅक्सीच्या थांब्यावरचा दरफलक वाचा. पाचगणी दर्शन, महाबळेश्वर दर्शन, प्रतापगड दर्शन. दर ठरलेला, पॉइंट ठरलेले, प्रत्येक पॉइंटवर थांबायची मिनिटंसुद्धा जवळपास ठरलेली. पारसी पॉइंटला गाडी लागते, दारं उघडतात, कुटुंब कठड्याशी रांगेत उभं राहतं, खाली धोम धरणाचं पाणी चमकत असतं, त्याच्याकडे पाठ करून फोटो निघतो. कणसाला लिंबू-तिखट लागतं. दारं बंद. ‘अजून किती पॉइंट राहिले हो दादा?’ हा पाचगणीत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असावा. खाली दिसणारी ती गावं कोणती, हे धरण झालं तेव्हा कुणाची शेतं पाण्याखाली गेली, असलं विचारणारा प्रवासी टॅक्सीवाल्याला परवडतही नाही. पुढचं भाडं ताटकळत असतं.

म्हणजे काच मोटारीची असो की मोबाइलची, बघायची तऱ्हा तीच. पुण्या-मुंबईचा माणूस पाचगणी जशी बघतो, तशीच पाचगणीतली मुलं आता पेरू बघतात. न्याय म्हणा हवं तर.

या पडद्यावरच्या सहलींचं आयुष्य किती, तेही एकदा बघून घ्या. गुगलनं ‘एक्स्पिडिशन्स’ २०१५ मध्ये शाळांपुढे आणलं. पुठ्ठ्याचा चष्मा, त्यात फोन, आणि मुलं एव्हरेस्टच्या पायथ्याशी. जगभरच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. २०२१ च्या जूनमध्ये गुगलनं ते अॅप बंद केलं. ज्या स्काइपवरून देशोदेशीचे वर्ग एकमेकांना हात हलवायचे, ते स्काइप मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ मध्ये गुंडाळलं. सहल कंपनीची, रस्ता कंपनीचा, आणि कंटाळा आला की रस्ता उचलून नेणारीही कंपनीच. आपली एसटी उशिरा येते, खिडकीची काच सरकत नाही, पण गेलेल्या पोरांना परत आणून सोडते, एवढं तिच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

आता मूळ गंमत. हा सगळा खटाटोप कुठं चाललाय, तर पाचगणीत. सव्वाचार हजार फुटांवरचं हे गाव मुळात जगानंच वसवलेलं. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या डोंगरावर साहेबलोकांसाठी हवा खायचं ठिकाण उभं केलं. परदेशी झाडं लावली. आज आपण ज्या सिल्व्हर ओकला ‘टिपिकल पाचगणी’ म्हणून फोटोत घेतो, ते झाड ऑस्ट्रेलियाचं. मागोमाग शाळा आल्या. कुणी इंग्रजांच्या मुलांसाठी काढली, कुणी जोगिणींनी, कुणी पारशांनी. १९२२ मध्ये संजीवन विद्यालय, १९४५ मध्ये बहाई पंथीयांचं न्यू इरा. क्षयरोग्यांसाठी डॉक्टर बिलिमोरियांचं आरोग्यधाम. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेलं एशिया प्लॅटो, जिथं जगभरची माणसं येऊन आपापल्या मनाची झाडलोट करतात. इतकी दूरची माणसं दीडशे वर्षं एका डोंगरावर आणून बसवलेलं गाव महाराष्ट्रात दुसरं दाखवा.

१९५५ मध्ये झांझिबारहून फारोख बलसारा नावाचा आठ वर्षांचा पारशी मुलगा इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. जहाजानं मुंबई, आगगाडीनं पुणे, आणि पुढं घाट. इथं तो पियानो शिकला, वर्गमित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, वार्षिक समारंभांत वाजवला. १९६३ मध्ये परत गेला. पुढं त्याला जग फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं, आणि त्यामुळे पाचगणीतल्या गाइडांना आणखी एक पॉइंट मिळाला. पण त्या मुलाची फील्ड ट्रिप बघा. आठ वर्षांचं पोर, आईबाप समुद्रापलीकडे, पत्रं येतील तेव्हा येतील, सुट्टीत घर नाही तर मुंबईचे नातेवाईक. वेगळी हवा, वेगळं जेवण, वेगळ्या शिव्या. दूरच्या संस्कृतीशी नातं जुळायचं तर ते असं, रात्री उशीत तोंड खुपसून. ते मुलाला झेपतं की नाही हा वेगळा प्रश्न. मी बोर्डिंगची जाहिरात करत नाहीये. पण ती सहल तासाच्या घंटेला संपत नव्हती, एवढं खरं.

मात्र जुन्या पाचगणीला फार डोक्यावर घ्यायचं कारण नाही. कंपाउंडच्या आत झांझिबार, इराण, मुंबई, कराची सगळं होतं. कंपाउंडच्या बाहेर पाच गावं होती, आणि ती बाहेरच राहिली. गावातली माणसं शाळेत येत होती, नाही असं नाही. मेसमध्ये भाकऱ्या भाजायला, बागेला पाणी घालायला, कपडे धुवायला, रात्रीची गस्त घालायला. त्यांच्या मुलांसाठी जिल्हा परिषदेची शाळा वेगळी. एकाच डोंगरावर एक मूल लॅटिन म्हणीखाली गणवेशाचा टाय बांधत होतं आणि दुसरं सारवलेल्या जमिनीवर बाराखडी गिरवत होतं, आणि दोघांच्या मध्ये एक जांभ्या दगडाची भिंत. सात समुद्र ओलांडता येतात. ही भिंत दीडशे वर्षांत कुणाच्या अभ्यासक्रमात आली नाही. म्हणून मला ‘दूरच्या संस्कृती’ हे शब्द माहितीपुस्तिकेत दिसले की आधी टेप घेऊन अंतर मोजावंसं वाटतं.

मग ही पडद्यावरची सहल कुणाला जमली? जमली ती सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत. रणजितसिंह डिसले तिथं २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत म्हणजे एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला गोदाम. त्या शाळेतून त्यांनी देशोदेशीच्या वर्गांशी स्काइप जोडलं. घरच्या प्रयोगशाळेतले विज्ञानाचे प्रयोग ऐंशीहून अधिक देशांतल्या मुलांना दाखवले. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांकडे डोळे वटारणाऱ्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना बोलतं केलं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालायची कल्पनाही त्यांचीच; पुढं सरकारनं ती राज्यभर उचलली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि या गृहस्थांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

आपल्याकडे अशा माणसाचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आधी हार, मग हजेरीपट. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायला त्यांनी रजा मागितली आणि इतका गदारोळ झाला की २०२२ च्या सुरुवातीला खुद्द शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. ज्याच्या मुलांनी परितेवाडीत बसून जग ओलांडलं, त्या मास्तरांना स्वतःला विमानात बसायला कागद पुरा होईना. असो. तो दुसऱ्या आठवड्याचा विषय.

या आठवड्याचा विषय असा की डिसलेंची पहिली सहल पाकिस्तानची नव्हती. परितेवाडीत गेल्यावर त्यांना दिसलं की काही मुलांच्या घरात कन्नड बोलतात आणि पुस्तकं आहेत मराठीत. तेव्हा मास्तर आधी कन्नड शिकले, मग पुस्तकं त्या मुलांच्या भाषेत नेली. सगळ्यात आधी समोर बसलेल्या पोराच्या घरात शिरणं, त्याची चूल कुठल्या भाषेत पेटते ते बघणं, आणि मग स्काइप. हा क्रम आपल्या झकपक शाळांनी उलटा केलाय. त्यांच्याकडे आधी पेरू येतो, मग जपान, मग केनिया, आणि मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींचं गाव कोणतं हे दहावीच्या निरोप समारंभापर्यंत येतच नाही.

डिसलेंच्या प्रकारात दुसरीही एक गोष्ट होती. कॅमेरा दोन्हीकडे तोंड करून होता. पलीकडचं मूल विचारायचं आणि परितेवाडीच्या मुलाला उत्तर द्यावं लागायचं. बघणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. ज्याला दाखवायचंय त्याला आधी स्वतःचं गाव नीट बघावं लागतं. खरा अभ्यास तिथं आहे, आणि पैसे भरून घेतलेल्या सहलीत नेमका तोच वगळलेला असतो.

एरवी कॅमेरा उलटा फिरला की आमच्या शाळांत काय होतं? धावपळ. ‘परदेशी शाळेला आपली संस्कृती दाखवायचीय’ असं म्हटलं की भाड्यानं फेटे येतात. मुलींना नऊवारी, तीही शिवलेली. लेझीम बाहेर निघतं. एक मूल शिवाजी महाराज होतं, दुसरं वारकरी, आणि टाळ कुठल्या हातात धरायचा यावर शेवटच्या मिनिटाला वाद होतो. पलीकडे जपानी मुलांनीही किमोनो वर्षातून त्या एकाच दिवशी घातलेला असतो. दोन्हीकडच्या पोरांच्या सणाच्या कपड्यांखाली जीन्स, दोघांच्या खिशात तोच मोबाइल, दोघांच्या मोबाइलमध्ये तोच खेळ. त्यांना दहा मिनिटं एकटं सोडलं तर ती त्या खेळाबद्दल मनापासून बोलतील. पण मोठी माणसं सोडत नाहीत. मोठ्यांना संस्कृती हवी असते, इस्त्री केलेली.

बरं, फेटे न बांधता पाचगणीच्या मुलांनी दाखवायचं म्हटलं तर काय दाखवावं? इथं मात्र मला राहवत नाही.

स्ट्रॉबेरी घ्या. मुलं ती मगमध्ये क्रीम घालून खातात आणि समजतात की महाबळेश्वरच्या डोंगरात ती करवंदासारखी उगवते. हे फळ इंग्रजांबरोबर इथं आलं. आजची बागेतली स्ट्रॉबेरी हीच मुळी उत्तर अमेरिकेतली एक जात आणि चिलीतली एक जात यांचा अठराव्या शतकात फ्रान्सच्या बागांत झालेला संकर. आता भिलारच्या किंवा खिंगरच्या बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोला. तो ‘यंदा विंटर डॉन लावली, थोडी स्वीट चार्ली हाय, नाभिला शेजाऱ्याकडं’ असं सहज सांगतो. विंटर डॉन आणि स्वीट चार्ली फ्लोरिडाच्या विद्यापीठातून निघालेल्या जाती, इथं लावली जाणारी कामारोसा कॅलिफोर्नियाची. मदर प्लांट परदेशातून मागवायचे, वरचा पाऊस रोपांना सोसत नाही म्हणून पावसाळ्यात खाली वाईच्या बाजूला रोपवाटिकेत ती वाढवायची, पाऊस ओसरला की वर आणून गादीवाफ्यावर, मल्चिंगच्या कागदाला भोकं पाडून लावायची, आणि थंडीत पहाटे उठून तोडणी करून पनेट भरायची. या माणसाला फ्लोरिडात काय चाललंय त्याची काळजी असते, कारण त्यावर त्याचं कर्ज अवलंबून आहे. दूरदेशाशी नातं म्हणतात ते हे. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. अमेरिकेतल्या जातीला सह्याद्रीचं जातप्रमाणपत्र. यावर नववीच्या मुलांनी फ्लोरिडातल्या शाळेशी तासभर बोलावं. तिकडच्या मास्तरांनाही चार नव्या गोष्टी कळतील.

किंवा चिनी कैद्यांचं घ्या. इंग्रजांनी १८३० च्या दशकात महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला. साहेबांच्या जेवणासाठी बटाटे आणि विलायती भाज्या या कैद्यांनी पिकवल्या. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. शांघायच्या मुलांशी पडद्यावर बोलताना चीनची भिंत किती लांब आहे हे विचारण्यापेक्षा ‘तुमची माणसं आमच्या डोंगरावर बेड्या घालून भाजी पिकवत होती, तुम्हाला माहितीये का’ असं विचारून बघा. कॉल लवकर संपणार नाही.

आणि मेणवली. पसरणीचा घाट उतरला की वाई, तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा सगळ्यांना माहीत असतो, कारण तिथं सिनेमे झाले. शाहरुख खानचा ‘स्वदेस’ २००४ मध्ये आला, तेव्हापासून कृष्णेचा तो घाट पाहायला माणसं येतात आणि नायक कुठं उभा होता ते विचारतात. घाटावरच्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून अशा घंटा मराठ्यांच्या मुलखात आल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे, तशी ही मेणवलीला. चर्चची घंटा, महादेवाच्या दारात, कृष्णेच्या काठी. लिस्बनच्या मुलांना पडद्यावर बोलवा आणि त्यांना ही दाखवा. मग ते विचारतील, ‘ही आमची घंटा तुमच्याकडे कशी?’ आता द्या उत्तर. विजयचिन्ह म्हणणार? लूट म्हणणार? आणि मग ब्रिटिश म्युझियममधल्या आपल्या वस्तू परत मागताना काय म्हणणार? पेरूच्या पायऱ्या मोजण्यापेक्षा हा तास अवघड जाईल. फेटा बांधून निभावणार नाही.

याच वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. इंटरनेट जन्मायच्या आधी अख्खं जग मराठीत आणायचा उद्योग तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं मांडला. १९७६ मध्ये पहिला खंड आला आणि पुढं वीस खंडांपर्यंत काम गेलं. इंका साम्राज्य असो की आफ्रिकेतल्या जमाती, कृष्णाकाठी बसून कुणीतरी त्यावर मराठीत नोंद केली, दुसऱ्या कुणीतरी ती तपासली. आता तो संगणकावर फुकट वाचता येतो. पाचगणीच्या शाळांतली मुलं पेरूवर प्रकल्प करताना इंग्रजी विकिपीडिया उघडतात. मराठी त्यांची दुसरी भाषा असते, कधी तिसरी, आणि काही शाळांत ती फक्त मावशींशी बोलायची भाषा असते.

पसरणी तर घाटाच्या पायथ्याशीच. शाहीर साबळ्यांचं गाव. त्या माणसानं गोंधळ, वासुदेव, भारूड, लावणी हे सगळं ‘महाराष्ट्राची लोकधारा’ म्हणून मुंबईच्या रंगमंचावर नेलं. वर डोंगरावर मुलं जपानच्या काबुकी नाट्यावर टिपणं काढतात; खाली ज्या गावातून एक अख्खी लोककला उठून उभी राहिली ते गाव म्हणजे त्यांच्या लेखी बस वळण घेते ती जागा.

बाहेरचं आणून आपलं करणं जमतच नाही असंही नाही. भिलारनं २०१७ च्या मे महिन्यात ते केलं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून सरकारला कल्पना सुचली. तिथं जुनी पुस्तकं विकतात, इथं लोकांनी आपल्या घरांत, पडवीत कपाटं ठेवून ती फुकट वाचायला दिली. कुणाच्या घरात कादंबऱ्या, कुणाकडे चरित्रं, कुणाकडे बालसाहित्य. स्ट्रॉबेरीच्या गावानं वेल्सशी नातं जोडलं आणि त्यासाठी एकाही गावकऱ्यानं वेल्सचा राष्ट्रीय पोशाख घातला नाही. सहलीच्या बसेस तिथंही येतात म्हणा. मुलं उतरतात, ‘पुस्तकांचं गाव’ या पाटीपाशी फोटो काढतात, आणि बसमध्ये बसतात. पॉइंट झाला.

टाळेबंदीच्या काळात ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. तेव्हा पाचगणीची वसतिगृहं ओस पडली आणि तिथली मुलं आपापल्या घरून, आपापल्या लॅपटॉपवरून वर्गात बसली. जावळीच्या खोऱ्यातली मुलं रेंज शोधत टेकाडावर चढली. एका घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर. त्या वर्षी पडद्यावरची सहल म्हणजे काय हे दोन्हीकडच्या मुलांना कळलं, फक्त एकांना ती पेरूची घडली आणि दुसऱ्यांना सिग्नलची. त्यानंतर खरं तर शाळाशाळांमध्ये याचं बोलणं व्हायला हवं होतं. झालं काय, तर पडदे मोठे झाले.

तेव्हा पाचगणीतल्या मुख्याध्यापकांना, प्राचार्यांना, संचालकांना आणि जे कुणी ‘ग्लोबल आउटरीच’चे प्रमुख असतील त्यांना एक विनंती. पेरू राहू द्या. माचू पिचू पाचशे वर्षं जागेवर आहे, आणखी एक सत्र कुठं जात नाही. या सत्राचा पहिला कॉल शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला लावा. दांडेघर असो, गोडवली असो, खिंगर असो. मुलांना प्रश्न लिहून देऊ नका. त्या मुलांनी तुमच्या मुलांना विचारावं, तुमच्या मुलांनी त्यांना. तुमच्या मुलांना मराठीत बोलताना अडखळू द्या, त्यांच्या मुलांना इंग्रजीत. स्क्रीनशॉट काढू नका. वेळेचा फरक नाही, व्हिसा नाही, मार्गदर्शकाची फी नाही. आणि रेंज मिळाली नाही तर मुलांना घेऊन चालत जा. अर्ध्या-पाऊण तासात पोचाल, घंटा व्हायच्या आत परतलाच पाहिजे असंही काही नाही.